मामा, नाराज आहात?

डेडलाइन डोक्यावर, कॉफी गार, आणि त्यात आईचा फोन. ‘जेवलीस का’ नाही, ‘काय चाललंय’ नाही, थेट हेडलाइन: ‘मामा नाराज आहेत तुझ्यावर.’

का, असं विचारायची सोय नव्हती. कारण मला पक्कं ठाऊक होतं. फेब्रुवारीत आम्ही रजिस्टर लग्न केलं. कायद्याला लागतात तेवढे तीन साक्षीदार, संध्याकाळी एका रेस्टॉरंटमध्ये पंचवीस माणसं, बुफे, केक, फोटो, संपलं. निमंत्रण व्हॉट्सॲपवर. छान डिझाइन होतं हो! एका मैत्रिणीनं फुकट करून दिलं होतं. फॅमिली ग्रुपवर टाकलं, धडाधड फुलं आणि नमस्कार आले. मामांची नुसती निळी टिक आली. लग्नाला ते आले नाहीत. आणि मी, खरं सांगते, त्या गडबडीत त्यांच्या न येण्याकडे नीट लक्षही दिलं नाही.

माझं आजोळ सायखेडा. निफाड तालुका, जिल्हा नाशिक, गोदावरीच्या काठावर. तिथे पत्रिका फॉरवर्ड करत नाहीत. घरी जाऊन, अक्षता देऊन, हातात ठेवतात. आणि मुलीच्या मामाकडे तर सगळ्यात आधी जातात, कारण मंगलाष्टकांच्या वेळी तिला बोहल्यावर घेऊन येण्याचा मान त्याचा. माझ्या लग्नात बोहलाच नव्हता, तर मामाला आणायचा कुठे? हे माझं लॉजिक. मला ते तेव्हा अगदी बिनतोड वाटलं होतं.

गंमत म्हणजे त्याच आठवड्यात संपादकांनी सांगितलं होतं, ‘चिडचिड, कुरकुर, असल्या एखाद्या शब्दावर काहीतरी लाइट लिही.’ मी ‘वैताग’ घेऊन बसले होते. आपल्या पिढीचा लाडका शब्द. ट्रॅफिकचा वैताग, बॉसचा वैताग, ईएमआयचा वैताग. माणूससुद्धा वैताग असू शकतो, ‘तो म्हणजे नुसता वैताग आहे यार!’ दोन पानं लिहूनही झाली होती. पण आईच्या त्या एका वाक्यानं सगळं बोंबललं. मला वैताग येतो, तर मामांना नाराजी का येते? दोन्हीत फरक काय?

राजी, रजा आणि राजीनामा

शब्दाच्या पोटात शिरणं सोपं आहे. ‘ना’ हा फारसीतला नकार, आपल्या नापसंत, नालायक, नाइलाजमध्ये असतो तोच. आणि ‘राजी’ मूळचा अरबी. राजी म्हणजे ज्याचं मन मान्य करतं तो, संतुष्ट, तयार. जो राजी नाही तो नाराज. म्हणजे बघा, हा शब्द रागावरून आलेलाच नाही. तो संमतीवरून आलाय. कुणीतरी काहीतरी ठरवलं, आणि त्याला माझी मान्यता विचारली नाही किंवा मी ती दिली नाही. एवढंच.

या घराण्यात आणखी कोण कोण आहे, हे बघितल्यावर मी खुर्चीतच सरळ बसले. आपण ऑफिसात टाकतो ती ‘रजा’ याच घराण्यातली. साहेब राजी झाले की रजा. आणि ‘राजीनामा’! नाव काढून बघा: राजीचा नामा, म्हणजे संमतीचं पत्र. मग तो नोकरी सोडण्याचा कागद कसा झाला? एक दुवा शेतजमिनीत सापडतो. इंग्रजांच्या मुंबई इलाख्यातल्या महसूल पद्धतीत जमीन सोडणारा खातेदार ‘राजीनामा’ लिहून द्यायचा आणि ती घेणारा ‘कबुलायत’. मी राजीखुशीनं ही जमीन सोडतो, असं तो कागद म्हणायचा. राजीखुशीनं किती जण सोडत असतील ते त्या कागदालाच माहीत! पण म्हणजे आज नाराज मंत्री जेव्हा खिशातून राजीनामा काढतो, तेव्हा एकाच धातूची दोन टोकं एका माणसाच्या हातात असतात. भाषाशुद्धीच्या लाटा आल्या नि गेल्या, पण हे सगळं कुटुंब मराठीत ठाण मांडून बसलंय.

हिंदीतली छटा मात्र वेगळी. हिंदी सिनेमात प्रेयसी नाराज होते. मराठीत ती रुसते, फुगते, अबोला धरते. मराठी ‘नाराज’ जरा फॉर्मल आहे, त्याला मानपानाचा वास आहे. व्याही नाराज होतात, पाहुणे नाराज होतात. तुळशीबागेतला दुकानदार म्हणतो, ‘ताई, बोला तर खरं, तुम्हाला नाराज नाही करणार.’ म्हणजे तुम्ही गिऱ्हाईक आहात, तुमच्या मर्जीला किंमत आहे, आणि ती सांभाळायला मी इथे बसलोय. नाराज होणाऱ्याला मान असतो. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आणि त्याची क्रियापदं पाहा. राग येतो, वीट येतो, कंटाळा येतो, सगळं आपोआप येतं, पावसासारखं. नाराजी ‘व्यक्त’ करतात, ‘ओढवून’ घेतात, आणि मुख्य म्हणजे ‘दूर’ करतात. रागावलेला माणूस एकटा खोलीत बसून रागावू शकतो. वैतागलेला तर जास्त करून एकटाच असतो. नाराज माणसाला मात्र समोर कुणीतरी लागतं, जे येईल, बसेल, चहा घेईल, मनधरणी करेल. मनवणारा नसेल तर नाराजीचा उपयोग काय?

तीव्र नाराजी, पान चार

आता एक कबुली. मास कॉम झाल्यावर मी दोन वर्षं एका दैनिकाच्या डेस्कवर होते. तिथे या शब्दानं मला फार वेळा वाचवलंय. रात्रीचे साडेदहा, वार्ताहराची बातमी अर्धवट, कुणाचा कोट नाही, आकडा नाही. अशा वेळी शेवटची ओळ काय? ‘...त्यामुळे नागरिकांमध्ये नाराजी व्यक्त होत आहे.’ झालं काम! कोण नागरिक, किती, कुणाकडे व्यक्त होत आहे, कुणी विचारत नाही. कर्मणी प्रयोगासारखी सोय दुसरी नाही.

डेस्कवर त्याची एक न लिहिलेली पट्टीच होती. नाराजी, मग नाराजीचा सूर, मग तीव्र नाराजी, मग असंतोष, मग संताप, आणि दगड पडले की उद्रेक. पाणी दोन दिवस आलं नाही तर नाराजी, चार दिवस नाही आलं तर तीव्र. ‘असंतोष’ आम्ही जपून वापरायचो, जड शब्द आहे तो. व्हॅलेंटाइन चिरोल या इंग्रज पत्रकारानं 1910 साली टिळकांना भारतीय असंतोषाचे जनक म्हटलं. त्याला ते दूषण द्यायचं होतं, आपण ती पदवी केली. टिळकांनी त्याच्यावर विलायतेत बदनामीचा खटलाही भरला आणि 1919 मध्ये तो हरले, पण पदवी राहिली. ‘भारतीय नाराजीचे जनक’ असं म्हणून बघा. हसूच येतं ना? असंतोष रस्त्यावर उतरतो. नाराजी दिवाणखान्यात बसून असते.

म्हणूनच ती राजकारण्यांना शोभते. कॅबिनेटचा विस्तार झाला की दुसऱ्या दिवशी कोण नाराज याची यादी शपथविधीच्या यादीपेक्षा मोठी. जून 2022 मध्ये एकनाथ शिंदे आमदारांना घेऊन आधी सुरतेला आणि मग गुवाहाटीला गेले, तेव्हा ‘नाराज’ला ‘नॉट रिचेबल’ हा नवा जोडीदार मिळाला. आमच्या नाशिक जिल्ह्यातलंच घ्या. 15 डिसेंबर 2024 ला नागपुरात मंत्रिमंडळाचा विस्तार झाला, त्यात येवल्याचे आमदार छगन भुजबळ नव्हते. त्यांनी आपली नाराजी काही लपवली नाही. चर्चा झाल्या, भेटीगाठी झाल्या, आणि 20 मे 2025 ला त्यांचा शपथविधी झाला. कुणाची बाजू घेत नाहीये मी. फक्त शब्दाचा प्रवास बघतेय. नाराजी, मनधरणी, शपथ. शब्दानं आपलं काम केलं.

पण हाच शब्द आम्ही कांदा उत्पादकांनाही लावायचो. मी स्वतः लावलाय. ‘भाव कोसळल्याने शेतकऱ्यांमध्ये तीव्र नाराजी’, पान चार, दोन कॉलम. मथळा माझा. तेव्हा तो चपखल बसला होता, म्हणजे जागेत बसला होता.

चांदोरीवरून आत

मामांची नाराजी दूर करायला मी एकटीच निघाले. नवऱ्याला सुट्टी नव्हती. (ही चूक नंबर दोन, ती पुढे कळली.) नाशिकहून निफाडच्या रस्त्याला लागायचं, चांदोरीवरून आत वळायचं, गोदावरीचा पूल ओलांडला की सायखेडा. पावसाच्या तोंडाचे दिवस, नदी अगदी शहाण्यासारखी वाहत होती. हीच गोदावरी ऑगस्ट 2016 मध्ये आणि पुन्हा ऑगस्ट 2019 मध्ये चांदोरी-सायखेड्यात शिरली होती. मामांच्या ओसरीच्या भिंतीवर पाण्याची रेघ अजून ओळखू येते, रंग दोनदा दिला तरी. एक नोंद करून ठेवते: पुराबद्दल त्या घरात मी कधीच ‘नाराज’ हा शब्द ऐकलेला नाही. नदी कोपते. तिच्यावर नाराज होऊन कोण तिची वाट बघणार?

मामी दारातच भेटल्या. ‘ये गं. पाणी घे आधी.’ मामा चाळीत होते. चाळ म्हणजे कांद्याची, मुंबईतली नव्हे. जमिनीपासून उचललेली, दोन्ही अंगांना फटी ठेवलेली लांबट खोली. उन्हाळ कांदा त्यात चार-पाच महिने राहतो, हवा खेळली तर. नाही खेळली तर सडतो, कोंब फुटतात, वजन घटतं. मामा वाकून गोल्टी वेगळी काढत होते. गोल्टी म्हणजे बारका कांदा. माझ्याकडे बघितलं, ‘आलीस व्हय’ म्हणाले, आणि परत खाली बघायला लागले.

मी गाडीत बसून छान वाक्यं जुळवली होती. तोंडून निघालं ते असं: ‘मामा, माझ्यावर नाराज आहात?’

ते उठून उभे राहिले. हात झटकले. ‘नाराज व्हायला मी काय आमदार आहे?’

मला हसू येणार होतं, पण त्यांचा चेहरा हसायचा नव्हता.

‘मला राग आलाय,’ ते म्हणाले. ‘नाराज तुझी आई म्हणती. तिला शहरातलं बोलायची सवय झाली. मी कुणावर नाराज नाय. तू मला इचारलं नाय, मला राग आला. आता तू आलीस, तर तुला तोंडावर सांगतो.’

आणि मग त्यांनी सांगितलं. सविस्तर. पंधरा मिनिटं तरी. ते सगळं इथे लिहिणार नाही, ते माझं आणि त्यांचं आहे. एवढंच सांगते की मधे मला दोनदा रडू आलं आणि त्यांनी दोन्ही वेळा थांबून, मी डोळे पुसेपर्यंत वाट बघून, पुन्हा पुढे सुरू केलं.

संध्याकाळी ओसरीवर चहाला बसलो तेव्हा मी माझ्या लेखाबद्दल सांगितलं. मामांना विषय आवडला. म्हणजे मला तरी तसं वाटलं, कारण ते बोलायला लागले.

‘पेपरात कायम लिहित्यात, शेतकरी नाराज. कोण लिहितं ते?’

मी चहात बघत राहिले.

त्यांनी 2018 ची गोष्ट काढली. आमच्याच तालुक्यातल्या नैताळे गावच्या एका शेतकऱ्यानं 750 किलो कांदा विकला, हातात आले 1064 रुपये. किलोला एक रुपया चाळीस पैशांच्या आसपास. त्यानं ते सगळेच्या सगळे पैसे पंतप्रधानांना मनीऑर्डरनं पाठवून दिले. वर मनीऑर्डरचे 54 रुपये खिशातून घातले. देशभर बातमी झाली. ‘आता त्याला नाराज म्हणशील तू?’ मामांनी विचारलं. ‘नाराज माणूस 54 रुपये घालतो का पदरचे?’

मग 2023. ऑगस्टमध्ये केंद्रानं कांद्याच्या निर्यातीवर 40 टक्के शुल्क लावलं, तेव्हा उन्हाळ कांदा चाळीत होता. व्यापाऱ्यांनी जिल्ह्यातले लिलाव बंद ठेवले. डिसेंबरात थेट निर्यातबंदीच आली. तोवर लाल कांदा सुरू झालेला, आणि लाल कांद्याचं दुखणं असं की तो टिकत नाही. उन्हाळ कांद्यासारखा त्याला चाळीत झोपवून भावाची वाट बघता येत नाही. काढला की विकायचा, मिळेल त्या भावाला. सायखेड्याला पिंपळगाव बसवंत बाजार समितीचा उपबाजार आहे. ट्रॉल्यांची रांग लागते, व्यापारी एका ट्रॉलीकडून दुसरीकडे जातात, काही सेकंदांत बोली होते आणि वर्षाचा हिशोब होतो. तिथे ट्रॉलीवर बसलेल्या माणसाला कुणी विचारत नाही, तू राजी आहेस का. न विकता ट्रॉली परत न्यायची मोकळीक आहे, कागदावर. डिझेल कोण देणार?

बंदी उठली 4 मे 2024 ला, तीही किमान निर्यात मूल्य आणि 40 टक्के शुल्क ठेवूनच. 20 मे ला आमच्या दिंडोरी मतदारसंघात मतदान होतं. 4 जूनला निकाल लागला तेव्हा केंद्रातल्या राज्यमंत्री भारती पवार हरल्या होत्या. दुसऱ्या दिवशी सगळीकडे एकच विश्लेषण: कांदा उत्पादकांची नाराजी भोवली. शुल्क पूर्ण जायला मात्र 1 एप्रिल 2025 उजाडला.

‘आम्ही पाच म्हयने काय बोलत होतो ते कुणाला कळलं नाय,’ मामा म्हणाले. ‘मग बटन दाबलं. त्याला बी नाराजीच म्हणले.’

मामींनी आतून आवाज दिला, ‘खेरवाडीचं सांगा की तिला.’

खेरवाडी स्टेशन इथून जवळच. नोव्हेंबर 1980 मध्ये शरद जोशींच्या शेतकरी संघटनेचं कांदा-उसाच्या भावासाठीचं आंदोलन नाशिक जिल्ह्यात पेटलं होतं. जोशी स्वित्झर्लंडमधली संयुक्त राष्ट्रांची नोकरी सोडून चाकणजवळ आंबेठाणला शेती करायला आलेला माणूस. लोक रुळांवर बसले, खेरवाडीला पोलिसांनी गोळीबार केला, दोन शेतकरी मेले. मामा तेव्हा नववी-दहावीत. घरातून कुणाला बाहेर सोडलं नव्हतं, पण गावातली सायकलवरून गेलेली माणसं रात्री परत आली तेव्हा कुणी काही बोलत नव्हतं, हे त्यांना आठवतं. त्या काळच्या ज्या घोषणा मला माहीत आहेत त्यांत भीक आहे, घाम आहे, दाम आहे. ‘नाराज’ कुठे आढळला नाही.

मी मामांना माझा तो पान चारवरचा मथळा सांगितला. सांगायची गरज नव्हती, पण सांगितला. ते जरा वेळ गप्प बसले.

‘मग काय लिहायला पायजे होतं?’ मी विचारलं.

‘भाव लिहायचा,’ ते म्हणाले. ‘कितीला गेला ते लिहायचं. आम्हाला काय वाटलं ते कशाला लिहिती?’

खरं सांगू? दोन वर्षांच्या डेस्कमध्ये आणि दोन वर्षांच्या मास कॉममध्ये मला इतकं सरळ कुणी सांगितलं नव्हतं. आकडा छापला की तो कुणालातरी खोडावा लागतो. नाराजी छापली की ती कुणीतरी दूर करतं, किंवा करतो म्हणतं. आणि मग मला माझ्या ‘मामा नाराज आहेत’चाही अर्थ लागला. नाराज म्हटलं की मी पाहुणी, ते मानकरी. मी चार गोड शब्द बोलायचे, त्यांनी विरघळायचं, मॅटर क्लोज. त्यांनी ‘राग’ म्हटल्यावर ती पळवाट उरली नाही. मी काय केलं, हेच मधे येऊन बसलं.

आपण शहरात हे नेमकं उलटं करतो, नाही का? ‘मला राग आलाय’ म्हणणं अनप्रोफेशनल. मग अप्रेझल झाल्यावर एचआरला मेल जाते, ‘आय ॲम अ बिट डिसअपॉइंटेड.’ मराठीत काय, तर ‘थोडी नाराजी आहे.’ थोडी! आणि मग आपण वाट बघतो, कुणीतरी केबिनमध्ये बोलावून चहा पाजेल म्हणून. मामांचा फॉर्म्युला ऑफिसात चालेल असं मी अजिबात म्हणत नाही. माझी फ्रीलान्सची बिलं थकतात तेव्हा मीही ‘जस्ट अ जेंटल रिमाइंडर’च लिहिते.

रात्री जेवताना मामींनी सांगून टाकलं. गेल्या दिवाळीतच मामा येवल्याला जाऊन आले होते. पैठणी घेतली होती, माझ्यासाठी, मामाचा आहेर म्हणून. कपाटात आहे.

‘बघू?’ मी विचारलं.

‘बघायची नाय,’ मामा म्हणाले. ‘जावई कुठंय? दोघांनी या. पत्रिका घेऊन.’

‘मामा, पत्रिका छापलीच नव्हती.’

‘मग छाप.’

मला वाटलं, गंमत करताहेत. भाकरी मोडून ते पुढचा घास घेत होते. गंमत करत नव्हते.

सकाळी निघताना गाडीच्या डिकीत एक गोणी येऊन पडली. गोल्टी नव्हती, चांगला निवडक कांदा होता. पूल ओलांडून चांदोरीला आले तेव्हा आईचा फोन.

‘काय गं, गेली का नाराजी?’

‘नाराज नाहीयेत ते. राग आलाय म्हणाले.’

आई जरा थांबली. मग तिचा आवाज एकदम मोकळा झाला. ‘राग ना? मग ठीक आहे,’ म्हणाली. ‘पत्रिका किती छापायच्या?’